माऊसला शिस्त लावणारे साहेब

साहेब माऊस आपटण्याआधी चष्मा काढून ठेवायचे. चष्मा डबीत, डबी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवर बंद. मग माऊस मुठीत धरून टेबलावर तीनदा. ठक, ठक, ठक. तिसऱ्या ठोक्यानंतर ते पडद्याकडे बघायचे. बाण हलला तर म्हणायचे, "बघा." नाही हलला तर म्हणायचे, "सेल उतरलेत." आतला जोडच सैल झाला असेल, ही तिसरी शक्यता आठ महिन्यांत त्यांच्या डोक्यात शिरली नाही. तिला शिरायला जागा हवी होती, आणि तिथली सगळी जागा साहेबांनी स्वतःच व्यापलेली होती.

ही गोष्ट कोल्हापुरातल्या उद्यमनगरातली. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. पंपाचे भाग ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. ड्रॉइंग ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. अलीकडे मी आणि माझा संगणक, काचेच्या पार्टिशनपलीकडे साहेब आणि त्यांचा संगणक. खाली भट्टी, वाळू आणि धूर. माझे वडील खालीच होते. वीस वर्षं ते त्याच फाउंड्रीत वाळूचे साचे ठोकत होते, आणि त्यांच्या घरातला पहिला माणूस जिना चढून वर खुर्चीत बसला याचं त्यांना इतकं अप्रूप होतं, की सुरुवातीचे काही दिवस जेवणाच्या सुट्टीत ते जिन्याच्या पायथ्याशी येऊन नुसते वर बघून जायचे.

साहेबांना माझं अप्रूप नव्हतं. मुलाखतीत त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदा ऐकूच आलं नव्हतं. मग गाव विचारलं. गडमुडशिंगी म्हटल्यावर गावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारलं. डिप्लोम्याचे गुण विचारायचे तेवढे राहून गेले. ते मालकांनी विचारले आणि म्हणाले, "उद्यापास्नं ये."

स्वतः साहेब गगनबावड्याकडच्या एका वाडीतले. हे सगळ्या फाउंड्रीला माहीत होतं आणि कुणाला माहीत नाही अशी साहेबांची समजूत होती. बोलताना 'आहे' आणि 'नाही' असे तोलून उच्चारायचे, की जणू प्रत्येक शब्द ओतून, घासून, तपासणी करून बाहेर सोडलाय. खालच्या कामगारांपैकी कुणी "हाय की साहेब" म्हटलं, तर ते थांबून त्याच्याकडून 'आहे' म्हणवून घ्यायचे. भट्टीसमोर घामानं निथळणारा माणूस 'आहे, आहे' म्हणत सुटका करून घ्यायचा आणि साहेब पुढं गेले की थुंकायचा.

त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला मोजायची टेप अडकवलेली असायची. ती त्यांची तलवार. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून किती लांब ठेवला, माझी खुर्ची पार्टिशनला किती चिकटली, सगळं मोजायचे. एकदा माझा डबा उघडा दिसला तर त्यांनी भाकरीवर टेप धरली. आडवी धरली, मग उभी धरली.

"गोलाई नाही," ते म्हणाले. "दहा मिलिमीटरचा फरक आहे."

आईनं पहाटे उठून थापलेली भाकरी होती ती. मी डब्याचं झाकण लावलं आणि त्या दिवसापासून खाली मिस्त्रींच्या शेडमध्ये जेवायला लागलो. त्याबद्दल मात्र साहेबांचे आभारच मानले पाहिजेत, कारण त्या फाउंड्रीत शिकण्यासारखं जे काही होतं ते त्या शेडमध्ये होतं.

मिस्त्री मंगळवार पेठेतले, साठीला आलेले, कानावर पेन्सिल. ते लाकडी नमुने करायचे. ओतकामात आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात लोखंड ओततात. नमुना चुकला की पुढचं सगळं लोखंड चुकलंच. मिस्त्रींचा नमुना चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जेवताना ते माझ्याकडून ठेचा घ्यायचे, मला त्यांच्यातली आमटी द्यायचे आणि वरच्या मजल्याची चौकशी करायचे.

"आज काय मोजलं रं तुझ्या साहेबानं?"

मी सांगायचो. ते पोट धरून हसायचे.

तर तो माऊस. मालक परदेशात कुठल्याशा यंत्रांच्या प्रदर्शनाला गेले होते, तिथून त्यांनी साहेबांसाठी भेट म्हणून बिनवायरचा माऊस आणला. आमच्यापैकी कुणीच तसला माऊस पाहिला नव्हता. साहेबांनी तो तळहातावर ठेवून साऱ्या फाउंड्रीत फिरवला. "वायर शोधा," ते एकेकाला म्हणायचे. लोखंड ओतायचं थांबवून माणसं वायर शोधायची. सापडत नाही म्हटल्यावर साहेबांना इतका आनंद व्हायचा, जणू ती त्यांनीच गिळली होती.

काही महिने माऊस नीट चालला. मग मध्येच बाण थिजायला लागला. साहेबांनी सेल काढून खिडकीच्या गजांपाशी उन्हात ठेवले. मग भिंतीवरच्या घड्याळातले सेल माऊसला आणि माऊसचे घड्याळाला अशी अदलाबदल सुरू केली. त्यामुळे ऑफिसचं घड्याळ आठवड्यातून दोनदा बंद पडायचं, आणि बंद घड्याळाकडे बोट दाखवून साहेब मला उशीर झाल्याचं सांगायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "साहेब, सेलची स्प्रिंग दबली असेल. बघू का?"

"परदेशी माल आहे," ते म्हणाले. "इथल्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो. आणि यंत्राला शिस्त लावावी लागते. माणसासारखीच." मग त्यांनी चष्मा काढला.

त्याच सुमारास एका नव्या गिऱ्हाइकाचं काम आलं. पंपाचं गोल झाकण, त्याच्या कडेनं बोल्ट बसवायला सहा उंचवटे. ड्रॉइंग मी काढलं. साहेबांनी तपासल्याशिवाय कागदावर प्रिंट काढायची नाही असा त्यांचा नियम होता, म्हणून मी फाईल त्यांच्या संगणकावर पाठवली आणि नियमाप्रमाणे माझ्याकडची प्रत पुसून टाकली. काचेतून मला त्यांचा पडदा दिसत नव्हता, हात दिसत होता. हात थांबला. चष्मा डबीत गेला. ठक, ठक, ठक. मग त्यांनी समाधानानं मान हलवली, प्रिंट काढली आणि 'तपासणी' या शब्दाखाली आपली लांबलचक सही केली. 'रेखाटन' या शब्दाखाली माझी सही घेतली. त्यांच्या सहीनंतर कागद पुन्हा बघणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, म्हणून मी बघितला नाही. प्रिंट खाली मिस्त्रींकडे गेली, आणि मी चुलत बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस सुट्टीवर गेलो.

परत आलो तर ठकठक चालूच होती. आणखी आठवडाभर ऐकली. मग मला ती सोसवेना. राग म्हणा, किळस म्हणा. रोज दुपारी जेवण झालं की साहेब केबिनमागच्या बाकावर बूट काढून अर्धा तास झोपायचे. त्या दिवशी मी डबा घाईनं संपवला आणि मिस्त्रींना म्हणालो, "मिस्त्री, एक पातळशी ढलपी द्या. नखाएवढी."

"कशाला?"

"माऊसला शिस्त लावायला."

त्यांनी हसत सागवानाच्या फळीवरून पटाशी फिरवली आणि कागदासारखी पातळ ढलपी माझ्या हातावर ठेवली. मी वर गेलो. बाकावरून घोरणं ऐकू येत होतं. माऊस उलटा केला, पोटाचं झाकण सरकवलं. मला वाटलं होतं तेच. एका बाजूची स्प्रिंग चपटी होऊन बसली होती. दुसऱ्या बाजूची पत्र्याची पट्टी खोबणीत डगडगत होती आणि तिच्यावर कधीतरी झिरपलेल्या सेलची हिरवट पांढरी बुरशी चढली होती. मी पट्टी ब्लेडनं खरवडली, खोडरबरानं घासून लखलखीत केली. कंपासच्या टोकानं स्प्रिंग हळूच ओढून उभी केली. पट्टीच्या मागं ढलपी खोचली, म्हणजे पट्टी पुढं रेटली जाऊन सेलला घट्ट टेकेल. सेल बसवले. बाण पडद्यावर पाण्यातल्या माशासारखा फिरला. पाच मिनिटं लागली असतील. आठ महिने जो माणूस यासाठी टेबल बडवत होता, तो पलीकडे तोंड उघडं टाकून झोपला होता.

उठल्यावर साहेबांनी माऊस धरला आणि बाण हलला. त्यांनी सवयीनं चष्मा काढला होता, तो परत घातला. मग पार्टिशनवरून माझ्याकडे बघून म्हणाले, "पाहिलंस? ठोकून ठोकून शेवटी आला वळणावर."

मी माझ्या पडद्याकडे वळलो. मला वाटलं, बोलून काय उपयोग?

तीन आठवड्यांनी साठ झाकणं परत आली. सगळी चुकलेली. सहा उंचवट्यांपैकी पाच जागच्या जागी आणि एक चार मिलिमीटर सरकलेला, त्यामुळं बोल्ट बसेना. गिऱ्हाइकानं पुढचं काम थांबवलं होतं. मालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना वर बोलावलं, आणि त्या आधीच साहेबांनी खाली जाऊन, वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात, निकाल सांगून टाकला होता. "अशी मुलं वर घेतली की असंच होणार."

संध्याकाळी वडील घरी आले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसले.

"चूक तुझी हाय का?"

"मला म्हाईत न्हाई, आबा."

"म्हाईत न्हाई म्हंजे?"

"मी बरोबर काढलं हुतं. पण दाखवायला कागद न्हाई."

वीस वर्षांत आबांच्या साच्यातला माल परत आला नव्हता. "तुझी असंल तर सरळ माझी हाय म्हण," ते म्हणाले. "नसंल तर मान खाली घालू नगस. पण आधी म्हाईत करून घे."

सकाळी सगळ्यांच्या आधी मी ऑफिसात गेलो. साहेबांच्या संगणकावर झाकणाचं ड्रॉइंग उघडलं, एक उंचवटा माऊसनं पकडला आणि साहेबांसारखा माऊस टेबलावर आपटला. पहिल्या ठोक्याला बटण दाबलं गेलं आणि उंचवटा शेजारी जाऊन बसला. पुन्हा केलं. पुन्हा सरकला. कधी तीन मिलिमीटर, कधी पाच. मी फाईल न साठवता बंद केली.

मालक आले. टेबलावर एक झाकण ठेवलेलं. मिस्त्री भिंतीला टेकून उभे, वडील दारात.

"हे कुणी काढलं?" मालकांनी विचारलं.

"ह्यानं," साहेब म्हणाले. "'रेखाटन'खाली सही बघा."

"आणि 'तपासणी'खाली?"

"ती माझी आहे. पण मी माणसावर विश्वास ठेवून तपासतो."

मी सांगितलं. तपासताना माऊस आपटला, आपटताना बटण दाबलं जातं, पकडलेला भाग सरकतो, मी आत्ताच करून पाहिलंय. साहेब शांतपणे ऐकत होते. मग हसले.

"मालक, माऊस तुम्ही दिलेला. त्याला काय झालंय?" त्यांनी तो टेबलावर गोल फिरवला. बाण पडद्यावर गोल फिरला. "एक दिवसही बिघडलेला नाही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आपण दिलेल्या भेटवस्तूवर आळ घेणाऱ्याकडे माणूस जसं पाहील तसं. माझ्या बाजूचा एकुलता एक पुरावा मी स्वतःच्या हातांनी, खोडरबरानं घासून, चकचकीत करून ठेवला होता. मी दुरुस्त केला म्हणावं, तर आता कोण विश्वास ठेवणार?

"मालक," मिस्त्री भिंतीपासून सुटून पुढं आले. "त्याचं पोट उघडून बघा की. सेलच्या मागं माझी सागवानाची ढलपी असंल."

"माऊसात?"

"व्हय. उघडा तर."

मालकांनी झाकण सरकवलं, सेल काढले, नखानं आत चाचपलं. तांबूस, पातळ ढलपी त्यांच्या बोटावर आली. ते ती उजेडात धरून बघत राहिले.

"परदेशात सागवान कवापास्नं घालाय लागले?" ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा भट्टीच्या तोंडासारखा झाला. ते माझ्यावर धावून आले. "कुणाला विचारून उघडलास? माझ्या वस्तूला हात लावायची तुझी हिंमत? आठ महिने मी तो ठोकून चालवतोय आणि तू—"

ते थांबले.

"आठ महिनं," मिस्त्री हळूच म्हणाले. मग मालकांकडे वळले. "आन् मी इचारायला आलतो वर. पोरगं सुट्टीवर हुतं. म्हणलं, पाच उंचवटं एका गोलात हायती, सहावा का फटकून बसलाय? तर साहेब म्हणले, परदेशी डिझाईन असंच असतं, तू रंधा मार. मी मारला. माझं चुकलंच त्यात. डोळ्याला दिसत हुतं, तरी मारला."

त्या खोलीत त्या सकाळी आपलं चुकलं असं म्हणणारा तो एकच माणूस होता आणि त्याचं चुकलं नव्हतं.

मालक फार बोलले नाहीत. साठ झाकणं परत भट्टीत घाला, नमुना नवा करा, म्हणाले. साहेबांनी यापुढे तपासणी कागदावर, लाल पेनानं करायची. फाईलला हात लावायचा नाही. साहेब नोकरीत राहिले. ते राहणारच होते. मालकांच्या वडिलांच्या वेळचे होते. माझ्याकडे वळून मालक म्हणाले, "जा, कामाला लाग," आणि मी कामाला लागलो. माफी कुणी कुणाची मागितली नाही. वडिलांनी साठ साचे पुन्हा ठोकले. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते जिना चढून वर आले, माझ्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि गेले.

साहेबांनी काय केलं? त्यांनी मालक जाताच टेबलावरची ती ढलपी चिमटीत धरली आणि खिडकीतून बाहेर फेकली. माझी लबाडी आपल्या वस्तूत नको, असं काहीतरी पुटपुटले. सेल पुन्हा बसवले. तासाभरात बाण थिजला. मी काचेतून बघत होतो. चष्मा डबीत, डबी ड्रॉवरमध्ये. ठक, ठक, ठक. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं सागवान हुतं रं. वाया घालवलं."

त्यानंतर मी तिथं दीड वर्ष होतो. त्या दीड वर्षात साहेबांना संगणकावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी दररोज सकाळी ते त्या मेलेल्या माऊसशी अर्धा तास झगडायचे. मला हाक मारली असती तर मी गेलो असतो. मी वाट बघत होतो असंही नाही. पण मधली काच दोन फुटांवर होती आणि एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. माझ्याशी ते बोलायचे ते कागदावर, लाल शाईत.

मग मला पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी खाली सगळ्यांना भेटून मी सामान घ्यायला वर आलो, तर साहेबांनी काचेवर टकटक केली. आत गेलो. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तो माऊस उलटा, पोट उघडं. बाजूला ब्लेड, खोडरबर आणि कंपास. सगळं मांडून ठेवलेलं, पण कशालाच हात लावलेला नव्हता.

"ते..." साहेब म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "ते तू कसं केलं होतंस?"

पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरे झालेले भुवईचे केस, सैल झालेला पट्टा. या माणसाला एक प्रश्न विचारायला दीड वर्ष लागलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि सावकाश, समजावून दाखवलं. पट्टी कशी घासायची, स्प्रिंग कुठं धरून किती ओढायची, जास्त ओढली तर ती मोडते. ढलपी नव्हती, म्हणून जाड कागदाची घडी करून पट्टीच्या मागं खोचली. ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. सेल बसवले. माऊस त्यांच्या हातात दिला. पडद्यावर बाण हलला. ते तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिले, लहान मुलासारखे. माझ्या मनात त्यांच्याविषयी काहीतरी मऊ यायला लागलं होतं, हे मी कबूल करतो.

त्यांनी माऊस खाली ठेवला. चष्मा पुसला, घातला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला माहीत होतंच. तुझ्या लक्षात राहिलंय का, तेवढं बघत होतो. जा आता."